पेटीतले नौदलाचे बटण : इतिहास शोधताना या चुका टाळा

कोकणातल्या जुन्या घरात पत्र्याच्या पेटीच्या तळाशी नांगर कोरलेले पितळी बटण किंवा टोपीची काळी फीत सापडली की, पहिली चूक बहुधा उत्साहाच्या भरात होते : बटण चिंच किंवा पितांबरी लावून लखलखीत केले जाते. बटणाच्या मागच्या बाजूला, दांडीभोवती, बनवणाऱ्या कारखान्याचे नाव आणि गाव अतिशय बारीक अक्षरांत उमटवलेले असते, आणि कालनिश्चितीसाठी तेच सर्वांत उपयोगी ठरते. घासण्याने सर्वांत आधी झिजतात ती हीच अक्षरे. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि तेवढ्यावर थांबावे.

मुकुटाकडे नीट न पाहणे ही दुसरी चूक. १९०१ ते १९५२ या काळातील ब्रिटिश चिन्हांवरील मुकुटाच्या कमानी वर गोलाकार असतात, तर एलिझाबेथ राणीच्या काळातील मुकुट माथ्यावर मधोमध खोलगट दिसतो. भारत २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाला तेव्हा नौदलाच्या नावातला ‘रॉयल’ हा शब्द आणि चिन्हावरचा मुकुट दोन्ही गेले, मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एलिझाबेथ राणी गादीवर आली १९५२ मध्ये. त्यामुळे खोलगट मुकुटाचे बटण भारतीय नौदलाच्या गणवेशावरचे असू शकत नाही, विकणारा कितीही शपथा घेवो.

नांगर दिसला म्हणजे नौदल, हे समीकरणही फसवे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य माणसे व्यापारी जहाजांवर होती आणि त्या कंपन्यांच्या बटणांवरही नांगर असे. शिवाय साध्या खलाशाच्या गणवेशात पितळी बटणे सहसा नसत. ती अधिकाऱ्यांच्या आणि वरिष्ठ खलाशांच्या कोटावर शोभत. आजोबा साधे खलाशी असतील, तर ते बटण त्यांच्याकडे कसे आले याचा वेगळा उलगडा शोधावा लागतो.

टोपीच्या फितीच्या बाबतीत चूक होते ती तिच्यावरून जहाज ठरवण्याची. दुसऱ्या महायुद्धात गुप्ततेसाठी फितीवर जहाजाचे नाव नसे, नुसते ‘एच. एम. आय. एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) एवढेच असे. म्हणून तिच्यावरून जहाज ठरवू नये. नाव सापडले तरी सावध राहावे, कारण नौदलात नावे पुन्हा पुन्हा वापरली जातात. ‘तलवार’ हे १९४६ मध्ये कुलाब्यातील किनाऱ्यावरचे संदेशवहन प्रशिक्षण केंद्र होते आणि १८ फेब्रुवारीचा नौदलातील खलाशांचा उठाव तिथूनच सुरू झाला. पुढे त्याच नावाच्या दोन युद्धनौका झाल्या. ‘दिल्ली’ही दोन : १९४८ मध्ये ब्रिटनकडून घेतलेली क्रूझर आणि १९९७ मध्ये दाखल झालेली विनाशिका.

उठावाचा उल्लेख आला की घरोघरी ‘आमचे आजोबा त्यात होते’ ही एकच कथा ऐकू येते, आणि तिथे मी थोडा कठोर होतो. त्या वेळी नौदलात असणे आणि उठावात भाग घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवामुक्तीच्या कागदावरील तारीख आणि शेरा पाहिल्याशिवाय वारशाला ती कथा चिकटवू नये.

शेवटची चूक म्हणजे चुकीच्या दप्तरात शोध घेणे. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील अॅडमिरल्टीची (ब्रिटिश नौदल चालवणाऱ्या खात्याची) कागदपत्रे मुख्यतः ब्रिटिश नौदलाची आहेत. ब्रिटिशकालीन भारतीय नौदलाचा, म्हणजे रॉयल इंडियन मरीन आणि १९३४ नंतरच्या रॉयल इंडियन नेव्हीचा, माग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) संग्रहात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात काढावा. युद्धात मृत्यू पावलेल्यांसाठी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची ऑनलाइन यादी आहे. तीत आडनावाऐवजी वडिलांचे नाव, तेही इंग्रजी कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले असू शकते. म्हणून एकाच नावाची चार-पाच इंग्रजी रूपे करून पाहावीत आणि दप्तराला पत्र लिहिताना सेवाक्रमांक, वडिलांचे नाव, गाव व तालुका न विसरता नोंदवावेत.