ढोबळी वाशीला पाठवताय? या चुका टाळा

पॉलीहाऊसच्या कागदासाठी दहा जणांना विचारणारा माणूस तोडलेली ढोबळी मिरची मात्र उन्हात गोणपाटावर ओततो. नाशिककडच्या दिंडोरी-मोहाडी भागात रोज संध्याकाळी नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजाराची गाडी भरताना हेच बघतोय, म्हणून लिहितो.

सगळ्यात महागात पडते ती दुपारची तोडणी. "गाडी सातला निघते, दोनला तोडली की माल ताजा जातो," हे गणित नवीन पोरं मलाच शिकवतात. अरे, ताजा जातो, पण तापलेला जातो! तोडल्यावरही मिरची श्वास घेतच असते. क्रेटमध्ये दाबली की आणखी तापते आणि पाणी सोडते.

मीही हे करून बसलोय. एप्रिल महिना, लाल-पिवळी ढोबळी, ४२ क्रेट. दुपारी एकला तोडली आणि तशीच पिकअपमध्ये चढवली. वरून ताडपत्री अशी आवळली की वारा शिरायला फट नाही. कसारा घाटात पुढे ट्रेलर बंद पडला, तीन तास गाडी जागेवर. पहाटे वाशीत ताडपत्री सोडली तर आतून वाफ आली. मधल्या थरातली मिरची सुरकुतलेली, देठाशी चिकट ओल. भाडं आणि हमाली जाऊन पट्टीत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, जे उरलं ते घरी सांगितलं नाही. त्याच गाडीत मागच्या फळक्याशी शेजारच्या अण्णांचे १० क्रेट होते, सकाळीच तोडून पडवीत गार केलेले. ते चालू भावात गेले.

तेव्हापासून दव वाळलं की तोडणी सुरू, नऊला बंद. राहिली ती उद्या. क्रेट पडवीत मोकळे मांडायचे, थप्पी गाडी आल्यावरच. कोल्ड स्टोरेज मिळालं तर ७ ते १० अंश. त्याखाली ढोबळीला थंडी बाधते, सालीवर खड्डे पडतात.

फळ ओढू नका, देठ ठेवून कात्रीने कापा. काकडी पिकत्या टोमॅटोशेजारी ठेवू नका, पिवळी पडते. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते बाटलीवर छापलेलं असतं, वाचा.

आता माझा दुसरा राग. क्रेटच्या तोंडाला ठळक माल आणि खाली लिंबाएवढा. घेणारा क्रेट उलटा करतो, हे यांना कोण सांगणार? वाशीत तुमचं तोंड कोणी ओळखत नाही, क्रेटवरचा मार्का, म्हणजे तुमची खूण, ओळखतात. तो एकदा बदनाम झाला की पुढे चांगल्या मालालाही पडेल भाव. आमच्यातल्या एकाने मग मार्काच बदलला. आडत्याने सुतळीची गाठ बघून विचारलं, "काय दादा, नाव बदललं का?" मी तीन ढीग करतो, आणि वाकडीतिकडी मिरची वाशीला पाठवतच नाही. नाशकातल्या चायनीजच्या गाड्यांवर ती चालते. तिथे चिरायचीच असते.

राहिली पट्टी. बेरीज बघून खिशात घालू नका. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीच्या बंधनातून सुटला, तेव्हापासून आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून कापायची नाही. तरी एखाद्या पट्टीत 'इतर' नावाची ओळ निघते. मी आडत्याला फोन लावतो. दोनदा उचलत नाहीत, तिसऱ्यांदा म्हणतात, "चुकून लागली, पुढच्या पट्टीत वळती करतो."