बुटीक ट्यूब ॲम्प आणि बूस्ट-ओव्हरड्राइव्ह पेडल्स: जोडी जमवताना या चुका टाळा

हाताने बांधलेला, मोजकेच नॉब असलेला बुटीक ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर) घेतला, त्याच्यापुढे आवडते ओव्हरड्राइव्ह पेडल लावले आणि आवाज एकतर चिरका झाला, नाहीतर खर्जातले सूर एकमेकांत मिसळून ओळखू येईनासे झाले, ही तक्रार अनेक गिटारवादक करतात. मग पेडल विकले जाते, दुसरे येते आणि आगीतून फुफाट्यात पडल्यासारखी गत होते. बहुतेक वेळा दोष पेडलचा नसतो आणि ॲम्पचाही नसतो. पेडल कितीही नावाजलेले असो, ते तीनच गोष्टी करते: सिग्नलची पातळी वाढवते, त्यातील खर्ज किंवा ट्रेबल कमी-जास्त करते आणि स्वतःच्या सर्किटमध्ये तो सिग्नल थोडाफार फाडते, म्हणजे डिस्टॉर्ट करते. या तीन गोष्टींना ॲम्पची पहिली ट्यूब आणि तिच्यामागचे सर्किट कसा प्रतिसाद देतात, हे समजून घेतले तर नवीन खरेदी न करताही बरेच काही सुधारते.

पेडलपासून सुरुवात करणे

ॲम्प कसाही ठेवून पेडलचे नॉब फिरवत बसणे ही सर्वांत मोठी चूक आहे. आधी सगळी पेडल्स काढून टाकावीत, गिटार एकाच केबलने थेट ॲम्पला जोडावी आणि गिटारचा व्हॉल्यूम सातच्या आसपास ठेवून ॲम्प अशा जागी आणावा, जिथे हलक्या हाताने छेडल्यास सूर स्वच्छ राहतो आणि जोराने छेडल्यास किंचित फाटतो. बहुतेक बूस्ट (सिग्नल मुख्यतः मोठा करणारी) आणि सौम्य ओव्हरड्राइव्ह (सिग्नल फाडणारी) पेडल्स याच जागी सर्वांत चांगली वाजतात. ॲम्प बांधणारे केन फिशर यांच्या ट्रेनरेक एक्स्प्रेससारख्या ॲम्पमध्ये मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज वेगळा कमी-जास्त करणारा नॉब) नसतो आणि स्वच्छ ते फाटलेला हा सगळा प्रवास गिटारच्या व्हॉल्यूमवरच होतो. अशा ॲम्पपुढे पेडलची गरज खरोखर किती आहे, हेही याच टप्प्यावर कळते.

ही जुळवणी ज्या आवाजावर प्रत्यक्ष वाजवायचे आहे, त्याच आवाजावर करावी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अतितार कंपने कमी ऐकू येतात. त्यामुळे घरात हळू वाजवताना आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवून ठेवतो, आणि तीच जुळवणी बँडबरोबर मोठ्या आवाजात खाली घुमते व वर कानाला टोचते.

लेव्हल पूर्ण वर नेऊन ॲम्पचा व्हॉल्यूम कमी करणे

येथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. साध्या सिंगल कॉइल पिकअपमधून (तारांच्या कंपनांचा सिग्नल करणाऱ्या गिटारवरील भागातून) ०.२ व्होल्ट येत आहेत असे धरू. २० डेसिबलचा बूस्ट म्हणजे व्होल्टेज दहापट, म्हणजे २ व्होल्ट. कॅथोडवर दीड किलोओहमचा रेझिस्टर असलेल्या नेहमीच्या रचनेत १२एएक्स७ ही पहिली ट्यूब दीड व्होल्टच्या आसपासचा सिग्नल झेलू शकते आणि त्यापुढे ती स्वतःच फाटू लागते. ॲम्पचा व्हॉल्यूम नॉब या ट्यूबच्या नंतर येतो. म्हणून पेडलच्या लेव्हलने पहिली ट्यूब फाडल्यावर ॲम्पचा व्हॉल्यूम कितीही उतरवला, तरी आवाज लहान होतो, स्वच्छ होत नाही. हे फाटणे काही जणांना आवडते आणि त्यात गैर काही नाही; पण ते नको असेल तर उपाय पेडलच्या लेव्हलवर आहे, ॲम्पच्या नॉबवर नाही.

दोन जॅक असलेल्या जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये दुसरा, कमी संवेदनशील जॅक बहुधा दुर्लक्षित राहतो. त्यात सिग्नल अर्धा, म्हणजे ६ डेसिबलने कमी होतो. थेट गिटार जोडली तर या जॅकचा सुमारे १३६ किलोओहमचा भार पिकअपला मंद करतो. मात्र मध्ये बफर (पिकअपला पुढच्या भारापासून वेगळे ठेवणारे छोटे सर्किट) किंवा चालू पेडल असेल तर तो भार जाणवत नाही आणि पहिल्या ट्यूबला न फाटण्यासाठी हवी ती मोकळीक मिळते. पेडल्सवर भर देणाऱ्यांनी हा जॅक अवश्य वापरून पाहावा.

पहिली ट्यूब कोणती आहे हेही तपासावे. फेंडरच्या १९५०च्या दशकातील ५ई३ डिलक्समध्ये पहिल्या जागी १२एवाय७ होती, जिचा गुणक (ट्यूब सिग्नल किती पट मोठा करू शकते याचा आकडा) ४० ते ४५ च्या दरम्यान आहे. १२एएक्स७ चा १०० आहे. त्या धर्तीवर बांधलेल्या अनेक ॲम्पमध्ये आज १२एएक्स७ बसवलेली दिसते. नुसता ॲम्प ऐकताना ती जोरकस वाटते, पण पेडल लावताच सर्व काही गच्च होते. १२एवाय७ किंवा ७० गुणकाची ५७५१ बसवणे हा माझ्या मते कोणतेही पेडल बदलण्याआधी करावयाचा प्रयोग आहे, कारण प्रीॲम्पच्या या ट्यूब एकमेकींच्या जागी सरळ बसतात आणि त्यांना बायस (ट्यूबचे स्थिर व्होल्टेज) जुळवावा लागत नाही.

खर्ज न कापता बूस्ट करणे

बुटीक ॲम्पच्या बाबतीत सर्वांत जास्त निराशा याच चुकीने होते. ५ई३ कुळातील ॲम्पमध्ये दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, कॅथोड बायस आणि ५वाय३ रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारी ट्यूब) असतो, निगेटिव्ह फीडबॅक (बाहेरचा सिग्नल उलटा परत देऊन आवाज आवळणारी जोडणी) नसतो आणि ट्यूबांमध्ये सिग्नल पुढे नेणारे कपलिंग कॅपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरॅडचे, म्हणजे खर्ज जवळजवळ पूर्ण पुढे जाऊ देणारे असतात. स्वच्छ वाजवताना या सगळ्यामुळेच आवाजाला देह मिळतो. पण नेकच्या जागी हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल, सपाट (खर्ज-ट्रेबल सारखेच वाढवणारा) बूस्ट चालू असेल आणि सहावी तार मोकळी, जोराने छेडली, तर काय होते ते लक्ष देऊन ऐकावे. सुरुवातीला एक धप्प असा आवाज येतो, त्यानंतर क्षणभर सूर जवळजवळ नाहीसा होतो आणि मग तो फुगत परत येतो. याला ब्लॉकिंग डिस्टॉर्शन म्हणतात. सिग्नल ट्यूबच्या बायसपेक्षा मोठा झाला की ग्रिडमधून (ट्यूबमधील सिग्नल घेणाऱ्या जाळीतून) विद्युतप्रवाह वाहू लागतो, कपलिंग कॅपॅसिटर भारित होतो आणि त्या भारामुळे ट्यूब काही काळ बंद झाल्यासारखी वागते. भार उतरला की सूर परततो. त्यात रेक्टिफायरचे व्होल्टेज मोठ्या सुराबरोबर खाली बसते, त्यामुळे हा परिणाम आणखी लांबतो.

पेडलवरचा ड्राइव्ह कमी करून हे जात नाही, कारण मूळ कारण खर्जाची पातळी आहे. खर्ज ॲम्पमध्ये शिरण्यापूर्वीच कापावा लागतो. १९६०च्या दशकातील डॅलस रेंजमास्टर या ट्रेबल बूस्टरने तेच केले: त्याचा आत येणारा कॅपॅसिटर इतका लहान होता, की खर्ज बाहेरच राहत असे आणि फक्त वरचा भाग ओसी४४ ट्रान्झिस्टरने मोठा होऊन ॲम्पवर आदळत असे. १९७९ च्या ट्यूब स्क्रीमर टीएस८०८ मध्येही सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या कंपनांना कमी गेन (वाढ) मिळतो. या पेडल्सचा आवाज एकटा ऐकला तर किरकोळ वाटतो आणि त्यामुळे पुष्कळ जण त्यांना नाकारतात. पण खर्जाची उणीव ॲम्प स्वतः भरून काढत असतो. पेडल कधीही एकटे ऐकून पारखू नये. आपल्या बूस्टवर बेस कमी करण्याचा नॉब असेल तर तो आधी पूर्ण उतरवावा आणि ॲम्पमधून सूर तुटेनासा होईल तिथपर्यंतच परत चढवावा. ॲम्पचा बेस नॉबही कमी करता येतो, पण तो सहसा पहिल्या ट्यूबनंतर असतो आणि ५ई३ सारख्या ॲम्पमध्ये तर एकच टोन नॉब असतो, म्हणून खरा उपाय ॲम्पच्या आधीच करावा लागतो. जाता जाता एक सूचना: या ॲम्पमध्ये न वापरलेल्या चॅनेलचा व्हॉल्यूम नॉबही आवाजावर परिणाम करतो, तेव्हा तो कुठे आहे हे जुळवणी करताना लक्षात ठेवावे.

मिड आणि ट्रेबल यांचा मेळ न पाहणे

ट्यूब स्क्रीमरची ख्याती फेंडरच्या १९६०च्या दशकातील ब्लॅकफेस ॲम्पसारख्या ॲम्पबरोबर झाली, त्याचे कारण सरळ आहे: त्या ॲम्पच्या टोन सर्किटमध्ये मिडला (मधल्या कंपनांना) खळगा असतो आणि पेडलचा मिडचा उंचवटा नेमका तिथे बसतो. तेच पेडल मुळातच मिडने भरलेल्या ॲम्पपुढे लावले तर आवाज नाकातून आल्यासारखा होतो. अशा ॲम्पला सपाट बूस्ट किंवा मिड न उचलणारे सौम्य ओव्हरड्राइव्ह मानवते. म्हणून दुसऱ्या वादकाच्या पेडलची नावे विचारण्यापेक्षा त्याचा ॲम्प कोणत्या कुळातला आहे हे आधी विचारावे.

चिरकेपणाचे एक कारण मात्र ॲम्पच्या आत दडलेले असते. अनेक ॲम्पच्या व्हॉल्यूम नॉबवर ब्राइट कॅपॅसिटर असतो. नॉब खाली असताना तो ट्रेबलला वळसा घालून पुढे जाऊ देतो आणि नॉब जसजसा वर जातो तसतसा त्याचा परिणाम कमी होत जातो. म्हणजे ॲम्पचा व्हॉल्यूम तीनवर आणि पेडलची लेव्हल वर, ही मांडणी सर्वांत कर्कश ठरते. ॲम्पचा व्हॉल्यूम सहापर्यंत नेऊन पेडलची लेव्हल तेवढीच उतरवली, तर एकूण आवाज साधारण तोच राहतो आणि बोचरेपणा ओसरतो. ब्राइटचा स्विच असेल तर काम आणखी सोपे होते.

सोलो मोठा ऐकू यावा म्हणून आणखी बूस्ट देणे

ॲम्प आधीच पूर्ण फाटत असेल तर त्यापुढचा बूस्ट आवाज मोठा करत नाही; तो फक्त आणखी दाबतो आणि छेडण्याचा ठसा पुसून टाकतो. १५ वॉटऐवजी ३० वॉटचा ॲम्प घेतला तरी फरक ३ डेसिबलचाच पडतो, म्हणून मोठा ॲम्प हेही सहज उत्तर नाही. सोलोसाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते: ताल धरताना गिटारचा व्हॉल्यूम सहावर ठेवणे, किंवा ॲम्प थोडा स्वच्छ ठेवून फाटण्याचे काम ओव्हरड्राइव्ह पेडलकडे देणे. बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या आधी लावला तर फाटणे वाढते, नंतर लावला तर पातळी वाढते. सोलोसाठी तो नंतरच असावा. ॲम्पला इफेक्ट्स लूप (प्रीॲम्प आणि पॉवर ट्यूब यांच्यामध्ये पेडल जोडण्याची सोय) असेल तर बूस्ट तिथे लावता येतो, मात्र पॉवर ट्यूबमध्ये मोकळीक शिल्लक असेल तरच त्याचा उपयोग होतो, आणि लूपची पातळी पेडलला झेपणारी आहे की नाही हेही पाहावे लागते.

केबल आणि बफर विसरणे

गिटारच्या केबलची कॅपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड असते. ६ मीटरच्या दोन केबल आणि मध्ये ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सर्किटला न लागता थेट पुढे देणारी) पेडल्स असतील, तर सगळी पेडल्स बंद असताना पिकअपवर १२०० पिकोफॅरॅडचा भार येतो आणि ट्रेबल मंदावतो. पेडल चालू करताच पुढची केबल पिकअपपासून वेगळी होते आणि आवाज उजळतो. हा उजळपणा पेडलच्या गुणाचा समजून लोक ते कायम चालू ठेवतात; वास्तविक एका बफरने तेच काम होते. मात्र रेंजमास्टर आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टरची फझ पेडल्स थेट पिकअपशी जोडलेलेच चांगले वाजतात, म्हणून बफर त्यांच्या नंतर ठेवावा.

वीजपुरवठा आणि खरखर

जास्त व्होल्टेजमुळे मोकळीक वाढते म्हणून कोणत्याही पेडलला १८ व्होल्ट देऊ नयेत. काही पेडल्स ९ व्होल्टमधूनच आतल्या आत मोठे व्होल्टेज तयार करतात आणि त्यांत नेहमी आढळणाऱ्या मॅक्स१०४४ चिपची मर्यादा साडेदहा व्होल्टची आहे. १८ व्होल्ट दिले की ती जळते. पॉझिटिव्ह ग्राउंडची (पुरवठ्याचे धन टोक ग्राउंडला जोडलेली) जर्मेनियम पेडल्स इतरांबरोबर एकाच ॲडाप्टरच्या साखळीत जोडू नयेत, त्यांना वेगळा पुरवठा द्यावा.

खरखर किंवा गुणगुण येत असेल तर तिचा माग उलट्या दिशेने काढावा. ॲम्पच्या जॅकमधून केबल काढल्यावरही आवाज राहिला तर तो ॲम्पचा आहे, कारण पुढे लावलेला बूस्ट ॲम्पची स्वतःची खरखर वाढवत नाही, फक्त त्याच्या आधीची वाढवतो. केबल काढताच आवाज गेला तर एकेक पेडल वगळून पाहावे. गुणगुण घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. ॲम्पची पेटी उघडण्याचा मोहही टाळावा, कारण आत ३०० ते ४०० व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात.

बूस्ट चालू असतानाच येणारी बारीक घंटेसारखी किणकिण किंवा आपोआप सुरू होणारी शिट्टी बहुधा मायक्रोफोनिक (धक्का किंवा कंपन लागताच स्वतः आवाज करणाऱ्या) ट्यूबची असते. ॲम्प चालू ठेवून मागच्या बाजूने पेन्सिलच्या लाकडी टोकाने प्रीॲम्पच्या ट्यूबांवर हलकेच टिचकी मारावी. पहिल्या ट्यूबवर थोडासा टकटक आवाज येणे स्वाभाविक आहे, कारण तिच्यामागे सर्वाधिक गेन असतो. पण टिचकीनंतर आवाज घुमत राहिला तर ॲम्प बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर ती बदलावी आणि पेडलची लेव्हल पूर्वीच्याच जागी ठेवून पुन्हा तपासावे.