सोलापुरात दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी

लातूर जिल्ह्यातून सोलापुरात येऊन मला 22 वर्षे झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात नव्याने लागलेला आमच्याकडचा माणूस भेटला, की तो आधी खोलीभाड्याची चौकशी करतो. दवाखान्याविषयी विचारतो ते घरातले कोणी भरती झाल्यावर, आणि तेव्हाही प्रश्न एकच असतो, ‘तिथे कोणी ओळखीचे आहे का?’ ओळखीपेक्षा कागद अधिक उपयोगी पडतो, हे मला उशिरा उमजले.

माझ्या मेहुण्याच्या पायाचे हाड मोडले, तेव्हा एका खाजगी रुग्णालयाकडे आम्ही उपचाराची कागदपत्रे तोंडी मागत राहिलो आणि आठ दिवस ‘उद्या या’ एवढेच ऐकत राहिलो. शेवटी वहीच्या पानावर चार ओळींचा अर्ज लिहिला, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी एक्स-रेसह सगळी फाइल हातात आली. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार नोंदी मागितल्यापासून 72 तासांत देणे बंधनकारक आहे. परंतु ते तास मोजायला सुरुवात कोठून करायची, हे त्या शिक्क्यावरूनच सिद्ध होते.

खाजगी रुग्णालयांना महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 लागू आहे, आणि 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. भरती करण्यापूर्वी ते वाचावे. लावलेले नसेल तर मागावे. शहरातील रुग्णालयाविषयीची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी द्यावी. अपघातासारख्या तातडीच्या प्रसंगी पैशांसाठी प्राथमिक उपचार अडवता येत नाहीत. जीव वाचवणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. रुग्णालयाने वसुली कायदेशीर मार्गाने करावी. औषधेही तेथल्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती नाही.

या शहरात मराठीइतक्याच सहजपणे तेलुगू आणि कन्नडही बोलली जाते, तरी शस्त्रक्रियेचे संमतीपत्र बहुधा इंग्रजीतच पुढे येते. कोणती शस्त्रक्रिया, धोके कोणते, दुसरा पर्याय आहे का, हे आपल्याला कळणाऱ्या भाषेत समजल्याशिवाय सही करू नये. समजून न घेता दिलेली संमती कायद्याच्या दृष्टीने लंगडी असते.

कारखान्यात लागल्यावर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, क्रमांक मागून घ्यावा. मासिक वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि त्यातून कुटुंबालाही उपचार मिळतात. पैसे कापले जातात पण क्रमांक ठाऊक नाही, असे कामगार मी दर महिन्याला पाहतो. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात; तेथे उत्पन्नाचा दाखला लागतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी, रुग्णालय योजनेत असल्यास, आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी भरतीच्या दिवशीच जावे. तेथे शिधापत्रिका आणि आधार कार्ड मागतात. आमच्याकडचे बहुतेक जण शिधापत्रिका गावाकडच्या पेटीत ठेवून येतात आणि भरतीच्या रात्री ती आणायला कोणाला तरी एसटीने पाठवतात. ती येतानाच बरोबर आणावी.