फौजी काका आणि त्यांचा कुत्रा: आठवणी जपायच्या कशा

घरात, भावकीत, गावात कोणी आर्मीत डॉग हँडलर, म्हणजे कुत्रा सांभाळून त्याच्याबरोबर ड्युटी करणारा जवान, होतं का? असेल तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका, या रविवारीच जाऊन बसा. आमच्या काकांना मी कितीतरी वर्षं म्हणत होतो की सर्व्हिसचं काहीतरी सांगा ना, आणि ते "ड्युटी होती ती, त्यात काय सांगायचं" म्हणून उठून जायचे. मग एकदा सहज विचारलं, काका, तो जेवायचा काय हो? दोन तास बोलले.

म्हणून सुरुवात कुत्र्यापासूनच करा. नाव काय, पहिल्या दिवशी जवळ आला का गुरगुरला, कुठं खाजवलं की खूश व्हायचा, आजारी पडला तेव्हा रात्री कोण बसलं होतं. काम कुठलं होतं तेही नीट विचारा, कारण माग काढणारा वेगळा, स्फोटकं हुंगणारा वेगळा, बर्फात गाडलेली माणसं शोधणारा वेगळा. शेवटचं कधी बघितलं हा प्रश्न मात्र पहिल्या दिवशी नको, तो ते स्वतःच काढतील.

मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा (आधी विचारून) आणि फोन बाजूला पालथा ठेवून द्या. जुनी वस्तू असेल तर ती हातात द्या. काकांकडे एक चामडी पट्टा राहिला होता, तो घेतल्या घेतल्या त्यांनी डाव्या मुठीला दोन वेढे दिले आणि बोलता बोलता उजवा हात डाव्या गुडघ्यापाशी खाली गेला, बरोबर कुत्र्याचं डोकं येईल तेवढा. हे रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, त्यामुळे असं काही दिसलं की त्याच रात्री वहीत लिहून ठेवा.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे पण करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), फोटो, सगळं स्कॅन करा, फोटोंची मागची बाजूसुद्धा, तिथं पेन्सिलनं तारीख नाहीतर कुत्र्याचं नाव सापडतं. कागद हरवले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं आर्मीचं ऑफिस) अर्ज कसा करायचा ते तिथं विचारता येतं. आर्मीचे कुत्रे मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या (आर्मीचे प्राणी सांभाळणारं दल) सेंटरमध्ये तयार होतात, तेव्हा मेरठचा एखादा कागद किंवा फोटो आहे का तेही बघा. माणूस गेलेला असेल तर माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांच्या बरोबरचे लोक शोधा.

आणि लिहिताना दोघांची नावं एकत्र लिहा, ही माझी कळकळीची विनंती. 2015 मध्ये काश्मीरच्या तंगधार भागात मानसी नावाची लॅब्राडोर आणि तिचे हँडलर बशीर अहमद वार दोघंही शहीद झाले, मानसीला नंतर मरणोत्तर 'मेन्शन इन डिस्पॅचेस' हा लष्करी सन्मान मिळाला. 2023 मध्ये राजौरीत केंट नावाची लॅब्राडोर आपल्या हँडलरला वाचवताना गेली. अशी काही नावं पेपरात आली, पण नुसती इमानदारीत ड्युटी करून म्हातारे झालेले कुत्रे कितीतरी असतील, त्यांचं नाव फक्त हँडलरच्या तोंडात आहे आणि तो गेला की तेही गेलं. आमच्याकडे दोघांचा एकत्र फोटो फ्रेम केलाय, खाली दोन्ही नावं सारख्याच अक्षरात.

ऑनलाईन टाकणार असाल तर युनिट नेमकं कुठं होतं, कुठलं ऑपरेशन होतं, हे गाळा. टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवा, नको म्हणाले तर विषय संपला.

एक राहिलं, काकूला वेगळं बसवून विचारा. आमची काकू म्हणाली, रिटायर होऊन आल्यावर वर्षभर ते पहाटे साडेचारला उठायचे, चपला घालून दारात उभे राहायचे, थोड्या वेळानं परत येऊन कॉटवर बसायचे. फिरवायची वेळ व्हायची ती.