जेवणानंतरची पंधरा मिनिटे

सकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावावर तासभर फिरून आलेला मधुमेही माणूस रात्री तांबडा-पांढरा रस्सा आणि भात जेवून लगेच आडवा झाला, तर त्या जेवणाची साखर चढायची ती चढतेच. सकाळचे फिरणे सोडू नये. मात्र हात धुतल्यावर अर्ध्या तासाच्या आत १० ते १५ मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा चालीने, गल्लीतच फेऱ्या माराव्यात, कारण चालणारे स्नायू रक्तातील साखर त्याच वेळी वापरू लागतात. पावसाळ्यात (आणि इथला पाऊस लवकर हटत नाही) घराच्या सोप्यात येरझाऱ्या घातल्या तरी चालते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि साखर फार उतरून हात थरथरू लागल्यास किंवा दरदरून घाम फुटल्यास तिथेच थांबून ती खावी.