उपकेंद्राची जागा ठरवताना या चुका टाळा

आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाटीवर ५,००० लोकसंख्येचा, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,०००चा. गावं ठरली की खरा वाद सुरू होतो: इमारत बांधायची कुठे?

समजा, एकाच रस्त्यावर तीन वस्त्या आहेत. गावठाणात २,००० माणसं, ६ किमीवरच्या पाड्यात ६०० आणि १४ किमीवर, रस्त्याच्या टोकाला, ४००. केंद्र गावठाणात बांधलं तर माणशी सरासरी अंतर ३ किमीच्या आसपास. कागदावर झकास! पण टोकाच्या पाड्यातल्या दिवस भरलेल्या बाईला १४ किमी यावं लागतं. मधल्या पाड्यात नेलं तर सरासरी ५ वर जाते, लांबात लांब अंतर मात्र ८ वर येतं. नुसती सरासरी धरली की मोठं गावच जिंकतं. उलट फक्त लांबचं अंतर धरलं तर उत्तर येतं ७ किमीवर, म्हणजे भर माळावर. एका किलोमीटरसाठी नर्सबाईंनी तिथे रात्री एकटं राहायचं?

मग निघतो टक्केवारीचा तक्ता: अंतराला इतके टक्के महत्त्व, खर्चाला इतके. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. किलोमीटर आणि रुपये एकत्र मोजता येत नाहीत, म्हणून यादीतल्या सगळ्यात वाईट पर्यायाला ०, सगळ्यात चांगल्याला १०० असं सगळं गुणांवर आणतात. जमिनीसाठी २ लाख आणि ६ लाख असे दोनच पर्याय असले तर त्यांच्यात १०० गुणांचा फरक. यादीत कुणी ४० लाखांची, कधीच घेतली न जाणारी जागा घुसवली की तोच फरक साडेदहा गुणांवर येतो, आणि पहिला नंबर बदलू शकतो. शिवाय अंतर आणि खर्च दोन्हीकडे बरा असलेला एखादा मधला पर्याय टक्के कसेही फिरवले तरी वर येत नाही.

त्यापेक्षा मर्यादा घाला. शेवटचा पाडा ८ किमीच्या आत हवा, मग उरलेल्यांत सरासरी कमीत कमी कुठे? मर्यादा १०, १२, १४ करत हेच पुन्हा करा. प्रत्येक सवलतीत कुणाची पायपीट वाढते ते बैठकीत सगळ्यांना दिसतं.

अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. मध्ये ओढा असेल तर फरशीवरून पाणी किती दिवस जातं ते आशाताईंना विचारा आणि पावसाळ्याचं अंतर वेगळं लिहा. फुकट मिळणारं गायरान घेण्याआधी तिथे बोअरला पाणी लागतं का, तेही बघून घ्या.