एकाच दिवशी सगळ्या मिरच्या पेरू नका

घरी मिरच्या लावणाऱ्यांची एक सवय मला फार दिसते. पाच-सहा जातींची पाकिटं एकदम आणायची आणि रविवारी सकाळी हाताला वेळ आहे म्हणून सगळी एकाच ट्रेमध्ये पेरून टाकायची. ज्वाला आठवड्यात वर येते. भूत जोलोकिया महिना उलटला तरी मातीतच. ढोबळीला फुलं येतात तेव्हा नाशिकचं ऊन चाळिशीला टेकलेलं असतं, मग ती फुलं गळतात. यावर घरातला निकाल ठरलेला: "आपल्याकडे मिरची होतच नाही." होते की! पण ज्वाला, जोलोकिया आणि ढोबळी यांची पेरायची तारीख एक नाही.

मी नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला राहतो. नोकरी सगळी प्रेसमध्ये झाली; नोटांच्या नव्हे, पासपोर्ट आणि स्टॅम्पपेपर छापतात त्या. तिथं कागदान् कागदाचा हिशेब द्यावा लागायचा, तो स्वभाव निवृत्तीनंतर गच्चीवर आला. माझ्या प्रत्येक कुंडीत जातीचं नाव आणि पेरल्याची तारीख लिहिलेली पट्टी असते. शेजारी हसतात, पण रोपं चार पानांची असताना ज्वाला कुठली आणि ब्याडगी कुठली हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. आइस्क्रीमच्या काड्या पावसाळ्यात कुजतात आणि मार्करची शाई उन्हात उडते. दुधाच्या कॅनच्या नाहीतर दह्याच्या डब्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापा आणि साध्या शिसपेन्सिलीने लिहा, ते टिकतं.

कुठल्या जाती लावायच्या, हे आधी स्वयंपाकघराला विचारा. ठेच्याला आणि रोजच्या फोडणीला ज्वाला हवी: लांब, बारीक, सुरकुतलेली, पोपटी. दिल्लीच्या पुसा संस्थेची ही जात आता कुठल्याही बियाण्याच्या दुकानात मिळते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती घोसाने लागते, थोड्या जागेत भरपूर मिरची देते. गॅलरीत एकच झाड लावणार असाल तर माझं मत तिला. भज्यांना आणि भरायला जाड सालीची भावनगरी. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. आमच्याकडे दर उन्हाळ्यात मसाल्याला ब्याडगी, संकेश्वरी आणि लवंगी लागते, पण ती बाजारातूनच येते. वर्षभराच्या तिखटाला पुरेल एवढी मिरची कुंड्यांत पिकत नाही, तो हिशेब आधीच सोडून द्या.

जोलोकिया ही हौसेची गोष्ट. २००७ साली जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची गिनेसमध्ये नोंद झाली, तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर दहा लाखांच्या वर. पुढे २०१३ मध्ये कॅरोलिना रीपरने आणि २०२३ मध्ये पेपर एक्सने तो मान घेतला. पेपर एक्सचा विक्रम जाहीर झाला तेव्हा तिच्या पैदासकाराने बी विक्रीला काढलंच नव्हतं, त्यामुळे ऑनलाइन कुणी पन्नास रुपयांत 'अस्सल पेपर एक्स' देत असेल तर पैसे जपून ठेवा.

बी घेताना पाकिटावर 'संकरित' आहे की 'सुधारित' हे वाचा. संकरित बियाण्याचं पीक जोमदार येतं, पण त्या मिरचीचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. पुढे घरचंच बी वापरायचं असेल तर सुधारित वाण घ्या. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डाच्या भागात बियाण्याची दुकानं आहेत, तिथं दोन्ही मिळतं. गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं. ते हाताळून झाल्यावर हात धुवा आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. डब्यातल्या वाळक्या लाल मिरचीचं बीही उगवू शकतं, मात्र ती मिरची किती जुनी, कशी वाळवलेली, संकरित होती का, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नसतं. गंमत म्हणून पेरा, त्यावर वर्ष अवलंबून ठेवू नका.

आता तारखा. मिरचीच्या बीला उगवायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. १५ अंशांच्या खाली ते जवळजवळ हलत नाही. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला त्याहून खाली. म्हणून संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर उघड्यावर पेरलेलं बी नुसतं भिजत पडतं आणि कुजतं.

जोलोकिया आणि तिच्या जातकुळीतल्या मिरच्या (शास्त्रात कॅप्सिकम चायनेन्स) उगवायला दोन ते पाच आठवडे घेतात आणि त्यानंतरही सावकाश वाढतात. त्यांना जानेवारीच्या शेवटी पेरा, पण घरात. मेडिकलवाल्याकडे औषधं येतात ती थर्मोकोलची पेटी मागून आणा. रात्री तिच्यात गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा, शेजारी ट्रे ठेवा आणि झाकण लावा. सेट-टॉप बॉक्सच्या वरची जागाही चालते. अशी पेरलेली रोपं मार्च ते मे पिशवीत, सावलीत वाढतात, जूनच्या सुरुवातीला मोठ्या कुंडीत जातात आणि पावसाळी दमट हवा त्यांना मानवते. फळ पिकायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. यातला एक महिना मागे पडला की फळधारणा थंडीत सापडते.

ज्वाला, फुले ज्योती, भावनगरी, ब्याडगी अक्षय्य तृतीया झाल्यावर पेराव्यात. आठ-दहा दिवसांत उगवतात, पाच-सहा आठवड्यांत लावणीला येतात, तोवर आर्द्राचा पाऊस आलेला असतो. फेब्रुवारीच्या मध्यातही पेरता येतात, पण मग एप्रिल-मे शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या जाळीखाली, काढावा लागतो. दिवसाचं तापमान ३५ च्या वर राहिलं की फुलगळ होतेच, तेव्हा खताला दोष देऊ नका.

ढोबळीचं सगळं उलट. तिला १८ ते २५ अंश आवडतात. नारळी पौर्णिमा ते पोळा या दरम्यान बी टाका, म्हणजे फुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुखद हवेत धरतील.

पेरणीला फार काही लागत नाही. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. तरंगणारं बी फेकून देऊ नका. कोरडं बी सुरुवातीला तरंगतंच. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट भिजवून दोनदा पिळून धुवा, कारण त्यात क्षार असतात. दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, इतकीच ओल असू द्या. प्रो-ट्रेच्या (रोपांसाठीच्या खळग्यांच्या ट्रेच्या) प्रत्येक खळग्यात दोन बिया, अर्धा ते एक सेंटीमीटर खोल. वर प्लॅस्टिक झाका आणि पहिला कोंब दिसला की ते त्याच दिवशी काढा. खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा विचारत होत्या, "भाऊ, वीस दिवस झाले, जोलोकिया उकरून बघू का?" मी म्हटलं, "वहिनी, ओल तेवढी राखा आणि बोट लावू नका." उकरताना कोवळं मूळ तुटतं, आणि बी जिवंत होतं हे आपल्याला ते तुटल्यावरच कळतं.

उगवल्यावर उजेड लगेच हवा, नाहीतर रोपं लुकडी होऊन आडवी पडतात. देठ मातीलगत बारीक होऊन रोप कोलमडलं तर ती बुरशी. कारण बहुतेक वेळा एकच: संध्याकाळी घातलेलं जास्तीचं पाणी. सकाळी, ट्रेच्या खालून पाणी द्या आणि वारा खेळू द्या. खळग्यातल्या दोन रोपांपैकी कमजोर रोप कात्रीने कापा. उपटलं तर दुसऱ्याची मुळं हलतात.

सहा-आठ पानं झाली की लावणी. त्याआधी आठवडाभर रोपांना रोज थोडं जास्त ऊन दाखवा. ज्वालाला बारा इंची कुंडी पुरते, जोलोकियाला मात्र वीस लिटरची रंगाची बादली, तळाला भोकं पाडून. आपल्या भागातली काळी माती शेताला सोन्यासारखी, पण कुंडीत ती भिजली की चिकटते आणि वाळली की तडकते. माती तीन भाग, शेणखत तीन भाग, कोकोपीट दोन आणि भाताचं तूस एक, असं मी घेतो. तूस घोटीच्या भातगिरण्यांवर मिळतं. मूठभर निंबोळी पेंडही टाका. लावणी संध्याकाळी करा.

खताच्या बाबतीत नाशिककरांना एक वेगळाच धोका आहे. इथं प्रत्येकाचा एखादा तरी नातेवाईक द्राक्षवाला असतो आणि तो प्रेमाने विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या, खतांच्या पुड्या आणून देतो. त्यांवरचे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं शेकडा प्रमाण. १९:१९:१९ वाढीच्या काळात चालतं, ०:५२:३४ फुलांच्या वेळी, पण कुंडीला लिटरमागे एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, पुरे. नत्र वाढलं की झाड हिरवंगार होतं आणि मिरची धरत नाही. त्याच नातेवाइकाने बागेतलं उरलेलं कीटकनाशक देऊ केलं तर हात जोडा. आपण ही मिरची दुसऱ्या दिवशी तोडून खातो.

पानं आकसली की लोक सरसकट 'बोकड्या' म्हणतात आणि मिळेल ते मारतात. आधी पान नीट बघा. कडा वर वळून पान वाटीसारखं झालं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी कोळी कीड. फुलकिड्यांना निळे आणि पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे लावा. निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालून घ्या: लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळायची, थोडं साबणपाणी घालायचं. कोळ्यांना पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण कडक उन्हात नाही, पानं भाजतात. रोप लहानपणीच खुरटलं, पानं बारीक, पिवळट आणि गुंडाळलेली असली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. रोप उपटून बाहेर टाका, शेजारची वाचतील.

सोसायटीत दरवर्षी येणारा प्रश्न: ढोबळीशेजारी जोलोकिया लावली तर ढोबळी तिखट होईल का? यंदाची होणार नाही. तिखटपणा मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होतो, आणि ती शीर, गर, साल सगळं आईच्या झाडाचंच असतं. परागकणांचा परिणाम फक्त बीत उतरतो, म्हणजे ते बी पेराल तेव्हा दिसतो. मधमाश्या जाती मिसळतात हे खरं. म्हणून बी धरायचं असेल तर कळी उमलण्याआधी फांदीला जाळीची पोटली बांधा, लग्नात सुपारी-बदाम देतात तशी. फांदी रोज हलकेच हलवली की आतल्या आत फळ धरतं. फळ धरल्यावर पोटली काढा आणि देठाला लाल दोरा बांधून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी ते फोडणीत टाकतं. बुलबुलांपासून मात्र पिकलेलं फळ जपावं लागतं. पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही.

बियाण्याचं फळ झाडावर पूर्ण लाल होऊ द्या. जोलोकिया चिरताना हातमोजे घाला. हात भगभगले तर आधी गोडेतेल चोळा, मग साबणाने धुवा. तिखट तेलात विरघळतं, नुसत्या पाण्याने पसरतं. बी सावलीत, कागदावर वाळवा. नखाने वाकवल्यावर न वाकता तुटलं की ते वाळलं. कागदाच्या पुडीवर जात आणि वर्ष लिहा, पुडी काचेच्या बरणीत आणि बरणी फ्रीजमध्ये. असं बी दोन-तीन वर्षं चांगलं राहतं. त्याहून जुनं पाकीट सापडलं तर पेरण्याआधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवा, आणि निम्म्याच उगवल्या तर त्या हिशेबाने खळग्यात दोनच्या जागी चार टाका.